अल्पमताने जपलेला हक्क

डिसेंबर १९४८. दिल्लीत संविधान सभा मसुद्याच्या एकेका कलमावर चर्चा करत होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली. माणसाचे शरीर, त्याचे घर, त्याची कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण असावे आणि पुरेसे कारण असल्याखेरीज झडतीचे वॉरंट निघू नये, असा तिचा आशय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती लगेच मान्य केली. यात नवे काही नाही, फौजदारी प्रक्रिया संहितेत हे आहेच. पण व्यक्तिस्वातंत्र्याच्या हितासाठी अशी तरतूद विधिमंडळाच्या हातापलीकडे ठेवलेली बरी, असे त्यांचे म्हणणे होते. आदल्याच वर्षी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी स्वतः जवळजवळ याच आशयाचे कलम सुचवले होते.

मसुदा समितीच्या अध्यक्षांनीच होकार दिल्यावर दुरुस्ती संमत व्हायला हरकत नव्हती. पण मतदानाच्या वेळी सभागृहात गोंधळ झाला. दुरुस्ती मंजूर झाली की फेटाळली, यावर वाद झाला, निर्णय पुढे ढकलला गेला आणि अखेर ती दुरुस्ती राज्यघटनेत आलीच नाही. त्याआधी मूलभूत हक्कांच्या उपसमितीतही कन्हैयालाल मुनशी यांनी घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे हक्क सुचवले होते. अशा हक्कांमुळे गुन्ह्यांचा तपास अडेल आणि पुराव्याचा कायदा लुळा पडेल, हा बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा आक्षेप तेथे वरचढ ठरला. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक सुरू झाले तेव्हा राज्यघटनेत खासगीपणाचा उल्लेख कोठेही नव्हता.

ही उणीव किती महाग पडणार होती, हे कळायला पुढची सदुसष्ट वर्षे जावी लागली.

न्यायालयात हा प्रश्न पहिल्यांदा आला तो एका उद्योगसमूहाच्या चौकशीतून. दालमिया समूहाच्या एका कंपनीच्या आर्थिक गैरव्यवहारांचा तपास चालू होता आणि पोलिसांनी चौतीस ठिकाणी झडत्या घेऊन कागदपत्रे जप्त केली होती. १५ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने झडत्या वैध ठरवल्या. खटल्याचा मुख्य प्रश्न आरोपीला स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला भाग पाडता येते का, हा होता. पण निकालात ओघाने एक वाक्य आले. अमेरिकेच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीसारखी खासगीपणाची हमी आपल्या घटनाकारांनी झडतीच्या अधिकारावर घातलेली नाही, तेव्हा ओढूनताणून ती येथे आणण्याचे कारण दिसत नाही, असा त्याचा भाव. मूळ वादासाठी त्याची फारशी गरज नव्हती. तरी आठ न्यायाधीशांच्या पीठाचे वाक्य म्हणून ते पुढची सहा दशके नागरिकांच्या आड येत राहिले.

दुसरा अडसर आला तो उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग नावाच्या माणसाच्या खटल्यातून. १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून त्याला पकडले होते आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले होते. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाने ‘हिस्ट्री शीट’ उघडली. उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमावलीतील २३६ वा नियम अशा माणसावर पाळत ठेवण्याची मुभा देत होता: घराच्या वाटांवर गुप्त पहारा, रात्रीअपरात्री घरी जाऊन खात्री करणे, त्याच्या येण्याजाण्याची, धंद्याची, उत्पन्नाची चौकशी. गावाबाहेर जायचे तर चौकीदाराला सांगून जावे लागे. रात्री शिपाई दारात येऊन हाका मारत, दार ठोठावत, झोपेतून उठवत. कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा न झालेल्या माणसाची ही रोजची रात्र होती.

त्याच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायाधीशांनी निकाल दिला. रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरल्या. स्वतःच्या घरात निवांत झोपण्याचा माणसाचा अधिकार बहुमताला मान्य होता. मात्र त्याच निकालात बहुमताने असेही लिहिले की खासगीपणाचा हक्क घटनेने दिलेला नाही, म्हणून एखाद्याच्या हालचालींवर नजर ठेवल्याने मूलभूत हक्काचा भंग होत नाही. रात्री दार ठोठावणे कोणत्या हक्काच्या आड येते, याचे नीट उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर अल्पमतातील निकालात होते. न्या. कोका सुब्बा राव यांनी स्वतःच्या आणि न्या. जे. सी. शहा यांच्या वतीने लिहिले की खासगीपणाचा हक्क घटनेत नावाने नसला, तरी तो व्यक्तिस्वातंत्र्याचा अत्यावश्यक घटक आहे. पोलिसांच्या नजरेखाली होणाऱ्या हालचालीला मुक्त हालचाल म्हणायचे कसे? पायात बेडी नसली तरी अशा माणसासाठी अख्खा देश तुरुंग होतो, असे त्यांनी बजावले. माणसाच्या मनावर पडणारा धाक हीसुद्धा स्वातंत्र्यावरची मर्यादा आहे, हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयात एवढ्या स्पष्टपणे आले ते अल्पमतात. कायद्याच्या हिशेबाने ते हरलेले मत होते.

त्यानंतरचा काळ चाचपडण्याचा होता. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरवर लाचेचा आरोप होता आणि लाचलुचपत विभागाने, बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने, त्यांचे फोनवरचे बोलणे टेप केले होते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही टेप पुरावा म्हणून स्वीकारली. निरपराध नागरिकाच्या फोनवरील संभाषणाला न्यायालय संरक्षण देईल, अपराध्याला नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. पण कोण निरपराध आणि कोण अपराधी हे ठरण्याआधीच ऐकणारा ऐकून मोकळा झालेला असतो. मार्च १९७५ मध्ये न्या. के. के. मॅथ्यू यांच्या पीठाने मध्य प्रदेशातील अशाच एका पाळतीच्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकले. खासगीपणाचा हक्क आहे असे धरून चालू, पण तो निरंकुश नाही, राज्याचे सबळ हित असेल तर तो मागे सारता येईल, अशी त्या निकालाची सावध मांडणी होती.

तीन महिन्यांनी देशात आणीबाणी आली.

त्या काळात हजारो लोक चौकशीविना तुरुंगात डांबले गेले. नऊ उच्च न्यायालयांनी अशा कैद्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे असे ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले की एखाद्या पोलिसाने केवळ वैरापोटी कोणाला ठार मारले तर दाद कोठे मागायची? आणीबाणी असेपर्यंत कोठेच नाही, हे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायाधीशांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. त्या चौघांत पुण्यात शिकलेले, मुंबईत वकिली केलेले न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क राज्यघटनेने बक्षीस म्हणून दिलेला नाही, घटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या राज्यात तो होताच, असे त्यांनी लिहिले. १९७७ च्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केले गेले. खन्नांनी राजीनामा दिला.

वरवर पाहता या खटल्याचा खासगीपणाशी संबंध नाही. पण त्यातला प्रश्न तोच होता: माणसाचा हक्क सरकार देते म्हणून असतो, की माणूस आहे म्हणून? पहिले उत्तर खरे मानले, तर घटनेत लिहिलेला नाही तो हक्कच नव्हे. दुसरे खरे मानले, तर करीमुद्दीन यांची दुरुस्ती बारगळली म्हणून काही बिघडत नाही.

आणीबाणी उठल्यावर न्यायालय हळूहळू दुसऱ्या उत्तराकडे सरकले. १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे जे कलम २१, त्याचा अर्थ रुंदावला; स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे, हे प्रस्थापित झाले. १९९० मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात न्यायालयाने सांगितले की एखाद्या बाईच्या चारित्र्याबद्दल लोक काहीही म्हणोत, तिच्या घरात मनाला येईल तेव्हा शिरण्याचा अधिकार कोणालाही नाही, पोलीस निरीक्षकालाही नाही. १९९४ मध्ये तमिळ नियतकालिकाच्या एका खटल्यात न्या. जीवन रेड्डी यांनी माणसाला त्याच्यापुरते राहू देण्याचा हक्क कलम २१ मध्ये सामावलेला आहे असे म्हटले.

१८ डिसेंबर १९९६ रोजी फोन टॅपिंगवर निकाल आला. सीबीआयच्या एका अहवालातून राजकीय नेत्यांचे फोन ऐकले जात असल्याचे उघड झाले होते आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना न्यायालयात गेली होती. फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता तो १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून. देशात टेलिफोन नुकताच आला होता त्या काळातला, परकीय सत्तेने केलेला हा कायदा होता. न्या. कुलदीप सिंग यांनी फोनवरचे बोलणे खासगी आयुष्याचा भाग मानले आणि बंधने घातली: आदेश गृहसचिवाच्या पातळीवरून निघावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आढावा समिती असावी. मात्र आदेश देणारेही सरकारी अधिकारी आणि तपासणारेही सरकारी अधिकारीच राहिले. न्यायाधीशाची परवानगी घेण्याची अट त्यात नव्हती.

खासगीपणाला मान्यता देणाऱ्या या निकालांचे एक दुखणे होते. ते दोन-तीन न्यायाधीशांच्या छोट्या पीठांचे होते. १९५४ चे आठ न्यायाधीश आणि १९६२ चे सहा न्यायाधीश अजून पुस्तकात जसेच्या तसे होते. कोणी सरकारी वकील उठून त्यांच्याकडे बोट दाखवेपर्यंतच ही इमारत उभी राहणार होती.

ते बोट दाखवले गेले आधारच्या खटल्यात.

२००९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एका अधिसूचनेने विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन केले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याच्याकडे कोणताच कागद नाही त्याला ओळख मिळेल, रेशन आणि मजुरी मधल्या मध्ये गडप होणार नाही, हे आश्वासन खोटे नव्हते आणि क्षुल्लक तर मुळीच नव्हते. पण कोट्यवधी माणसांच्या दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा एका ठिकाणी साठवणारी ही योजना कोणत्याही कायद्याविना चालू झाली होती. त्यासाठी आणलेले विधेयक यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये नापसंत केले. तरीही नोंदणी चालूच राहिली.

२०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. वयाची ऐंशी वर्षे त्यांनी केव्हाच ओलांडली होती. संसदेने मंजूर न केलेली योजना सरकार केवळ आपल्या आदेशाने कशी चालवते, हा त्यांचा सवाल होता. २३ सप्टेंबर २०१३ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की आधार नाही म्हणून कोणाची अडवणूक होता कामा नये.

त्याच सुमारास गोव्यात एक वेगळेच प्रकरण उभे राहिले. वास्को येथील एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला होता. घटनास्थळी ठसे मिळाले होते आणि ते जुळवून पाहण्यासाठी सीबीआयने गोव्यातल्या सर्व आधारधारकांची बायोमेट्रिक माहिती मागितली. गोव्याच्या न्यायालयाने ती देण्याचा आदेश दिला. प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. सेवा मिळावी म्हणून दिलेली माहिती तपासासाठी वापरली, तर गोव्यातला प्रत्येक नागरिक संशयित ठरेल, ही त्यांची भीती होती. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखी संमतीशिवाय कोणाचीही बायोमेट्रिक माहिती कोणत्याही यंत्रणेला देण्यास मनाई केली. गुन्हा इतका घृणास्पद होता की कोणालाही वाटावे, द्यावी माहिती. पण एका कामासाठी गोळा केलेली माहिती दुसऱ्या कामाला किती सहज वळते, हेही त्या प्रकरणाने दाखवून दिले. त्या दिवशी नागरिकांच्या खासगीपणाची ढाल घेऊन उभे होते ते खुद्द आधार प्राधिकरण.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, केंद्र सरकारची भूमिका उलट होती. ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी न्यायालयात सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हेच मुळात सिद्ध नाही. १९५४ चे आठ आणि १९६२ चे सहा न्यायाधीश तसे सांगून गेले आहेत. ११ ऑगस्ट २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर, न्या. शरद बोबडे आणि न्या. नागप्पन यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. ते पीठ बसायला जवळजवळ दोन वर्षे गेली. दरम्यान, मार्च २०१६ मध्ये, आधारचा कायदा धन विधेयक म्हणून संमत झाला. धन विधेयकात बदल करण्याचा अधिकार राज्यसभेला नसतो. तिने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने बाजूला ठेवल्या.

१८ जुलै २०१७ रोजी पाच न्यायाधीश बसले आणि त्यांनी ओळखले की आठांचा निकाल तपासायचा तर नऊ हवेत. दुसऱ्याच दिवसापासून नऊ न्यायाधीशांपुढे सुनावणी सुरू झाली. गोपाल सुब्रमण्यम, श्याम दिवाण, कपिल सिबल अशा वकिलांनी हक्काच्या बाजूने युक्तिवाद केला. कर्नाटक, पश्चिम बंगाल, पंजाब ही राज्ये नागरिकांच्या बाजूने उभी राहिली. महाराष्ट्र सरकार दुसऱ्या बाजूला होते. त्याचे वकील सी. ए. सुंदरम यांनी संविधान सभेची पाने उघडली: घटनाकारांनी हा हक्क विचार करून वगळला आहे, तो न्यायालयाने मागल्या दाराने आणू नये. ज्या तरतुदीला बाबासाहेबांनी होकार दिला होता ती बारगळल्याचा दाखला बाबासाहेबांच्याच राज्याच्या वतीने नागरिकांविरुद्ध दिला गेला, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये.

केंद्राचा आणखी एक मुद्दा होता. गरिबाला आधी अन्न हवे, निवारा हवा. खासगीपणाची चिंता सुखवस्तूंना. हा युक्तिवाद गरिबाच्या बाजूचा वाटतो, पण उत्तर प्रदेशातल्या ज्या माणसाच्या दारात रात्री शिपाई उभे राहत, तो काही सुखवस्तू नव्हता. पाळत नेहमी आधी गरिबावर येते, कारण त्याच्याकडे वकील नसतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल आला. ५४७ पाने, सहा स्वतंत्र मते, आणि नऊच्या नऊ न्यायाधीशांचा एकच निष्कर्ष: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. १९५४ आणि १९६२ च्या निकालांमधली उलटी विधाने रद्द झाली. चार न्यायाधीशांच्या वतीने मुख्य निकाल लिहिला होता न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. संविधान सभेत चर्चा झाली ती झडती आणि पत्रव्यवहार एवढ्यापुरती. तेवढ्यावरून व्यापक हक्कच नाकारला असे म्हणता येणार नाही, हे त्यांनी दाखवले. गरिबांना नागरी हक्कांचे काय, हा युक्तिवाद त्यांनी ठामपणे फेटाळला. आणि १९७६ चा तो निकाल, ज्यावर त्यांच्या वडिलांची सही होती, तो गंभीर दोषांनी भरलेला असल्याचे लिहून रद्दबातल केला. मुलाने वडिलांच्या निकालावर असे लिहिणे हे घरातले धाडस नव्हते. न्यायासनाची शिस्त होती. न्या. रोहिंटन नरिमन यांनी तीन मोठ्या अल्पमतांचा गौरव केला: १९५० च्या गोपालन खटल्यातले फझल अली, १९६२ चे सुब्बा राव, १९७६ चे खन्ना. तिघेही आपापल्या वेळी हरले होते. २०१७ चे बहुमत त्यांच्या खांद्यावर उभे होते.

त्या निकालाने सरकारपुढे तीन अटी ठेवल्या. खासगीपणात हात घालायचा तर त्यामागे कायदा हवा. हेतू वैध हवा. आणि जेवढी गरज, तेवढाच हात घालता येईल.

परिणाम लवकरच दिसले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध वगळले गेले. त्या निकालाचा एक पाया खासगीपणाचा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मुंबईकर व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. प्रकरण लाचेचे होते, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न त्यात नव्हता, आणि २०१७ च्या अटींवर ते टिकले नाही. १९७२ मध्ये मुंबईच्याच कॉरोनरच्या टेपपासून इथवरचे हे अंतर लहान नाही.

पण ज्या खटल्यातून हा हक्क जन्मला, त्या आधारच्या खटल्यात मात्र २६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल ४ विरुद्ध १ असा लागला. बहुमताने खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद, बँक खाते आणि सिमकार्डाची सक्ती काढून टाकली; सरकारी लाभ आणि पॅनसाठी आधार कायम ठेवले; धन विधेयकाचा मार्गही मान्य केला. एकटे न्या. धनंजय चंद्रचूड विरोधात गेले. राज्यसभेला वगळण्यासाठी धन विधेयकाचा वापर करणे ही राज्यघटनेशी केलेली लबाडी आहे, असे त्यांचे मत होते. यंत्राने बोटाचा ठसा ओळखला नाही म्हणून म्हाताऱ्या, कष्टकरी माणसाचे रेशन अडणे ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ तांत्रिक अडचण नव्हती. त्यात माणसाची प्रतिष्ठा पणाला लागते. २०२१ च्या जानेवारीत फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, तेव्हाही ते एकटेच वेगळे राहिले. धन विधेयकाचा प्रश्न २०१९ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला होता. पुढे तेच चंद्रचूड दोन वर्षे सरन्यायाधीश होते. त्यांच्या कारकिर्दीतही त्याचा निकाल लागला नाही, याची खंत वाटते.

हक्क घोषित झाला, तरी रोजच्या व्यवहारात त्याला कायद्याचे हातपाय लागतात. मोबाइल कंपनी, बँक, ॲप, इस्पितळ यांच्याविरुद्ध प्रत्येक वेळी कोणी सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकत नाही. २०१७ च्या जुलैअखेरीस सरकारने त्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण. जुलै २०१८ मध्ये त्यांनी मसुदा दिला. २०१९ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात सरकारी यंत्रणांना मिळालेल्या मोकळिकीवर स्वतः श्रीकृष्ण यांनीच जाहीर टीका केली. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. अखेर ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीनंतर ७७ वर्षांनी.

या कायद्यात काही चांगले आहे. माहिती घेण्याआधी स्पष्ट भाषेत सूचना आणि संमती, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा अधिकार, माहिती फुटली तर कळवण्याचे बंधन, २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. पण तो दंड सरकारी तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाईची सोय यात नाही. केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देऊ शकते. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही केंद्र सरकारच्याच हाती आहेत. आणि माहिती अधिकार कायद्यात बदल करून वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हित तपासण्याची त्या कलमातली अट काढून टाकली आहे. अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. त्या राज्याला हे खटकले पाहिजे. नागरिकाचा खासगीपणा सत्तेपासून रक्षणासाठी मागितला होता. अधिकाऱ्याचा कारभार झाकण्यासाठी तो वापरला गेला, तर सुब्बा राव यांचे मत उलटे वाचले गेले असे म्हणावे लागेल.

१९४८ पासूनचा हा प्रवास पाहिला की एक निष्कर्ष टाळता येत नाही. भारतात खासगीपणाचा हक्क बहुमताने दिलेला नाही. प्रत्येक टप्प्यावर तो आधी कोणीतरी एकट्यादुकट्याने, हरण्याची तयारी ठेवून, लिहून ठेवला आणि बहुमत तेथपर्यंत अनेक वर्षांनी पोहोचले. पाळतीची साधने बदलली: शिपाई, फोनची तार, बोटाचा ठसा, खिशातला मोबाइल. सरकारचे म्हणणे मात्र बदलले नाही. सुरक्षा हवी, गरिबाला मदत हवी, निरपराध्याला कसली भीती? २०१८ चे ते एकटे मत आज पुस्तकात आहे. फझल अली, सुब्बा राव आणि खन्ना यांच्या पंक्तीत ते जाईल की तेथेच पडून राहील, हे एकट्या न्यायालयावर अवलंबून नाही. के. एस. पुट्टस्वामी २०२४ च्या ऑक्टोबरात वारले, तेव्हा ते ९८ वर्षांचे होते. ऐंशी वर्षे ओलांडल्यावर त्यांनी देशासाठी जे केले, त्याचे ऋण फेडण्याचा एक साधा मार्ग आपल्यापुढे आहे. गृहनिर्माण संस्था, शाळा, दुकान, कार्यालय, कोणीही आधारची प्रत, ठसा किंवा मोबाइल क्रमांक मागितला की नऊ न्यायाधीशांनी सरकारला विचारायला सांगितलेले तेच तीन प्रश्न आपणही विचारावेत: कोणत्या कायद्याखाली मागता, कशासाठी मागता, आणि एवढी माहिती खरोखर लागते का?